जमीन हलली नव्हती

माझी छाती कधीच दुखली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हृदयाचा आजार म्हटलं की छातीवर हात ठेवून कोसळणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. माझ्याही यायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, पण शिक्षक कमी पडले की आरोग्याचा धडाही माझ्याच गळ्यात पडायचा, आणि त्या धड्यातही हाच माणूस असायचा. डाव्या हातात कळ, अंगाला दरदरून घाम. मला यातलं काही म्हणजे काही झालं नाही. मला फक्त पायाखालची जमीन हललेली जाणवायची.

आमच्या लातूर-नांदेडकडची एखादी बाई हे वाचून "अगं, मलाही असंच होतं" म्हणाली, तर लिहिल्याचं चीज झालं. माझी मुलगी पल्लवी नांदेडला कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "आई, सगळं लिही, आणि बाबांचंही लिही." बाबांचं लिहायचं तर त्यांची परवानगी हवी. मी विचारलं, त्यांनी नेहमीप्रमाणे "हाव", म्हणजे हो, म्हटलं. या माणसाच्या "हाव"नं मला जवळजवळ वर पोचवलं होतं, तरी परवानगी मागायला मी परत त्यांच्याकडंच गेले.

टेकाड

किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. भूकंपात जुनं गाव गेलं, तेव्हा हे नवं बसवलं. सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, पाहुणे अजूनही दार चुकतात. जुनं गाव ओढ्यापलीकडच्या टेकाडावर आहे. आहे म्हणजे दगडांचे ढीग आहेत आणि वेड्या बाभळी आहेत. मधेच एखादा उंबरा शाबूत दिसतो, त्याच्या पुढं घर नाही आणि मागंही नाही. आमचं शेत टेकाडाच्या पलीकडं, त्यामुळं रोजची वाट त्या उंबऱ्यांमधूनच जाते.

माझे यजमान, मारुती, साखर कारखान्यात फिटर होते. आता दोघंही निवृत्त, म्हणून दुपार कलली की शेतावर एक चक्कर ठरलेली. चढ संपता संपता एक सपाट जागा येते. तिथं त्यांचं जुनं घर होतं. त्यांची माय भूकंपात त्याच घरात गेली. आमचं लग्न त्यानंतरचं, मी सासूला पाहिलेलंही नाही. त्या जागेवरून जाताना हे चप्पल काढून हातात घेतात, पलीकडं गेल्यावर पुन्हा घालतात. बोलत काही नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती, तेव्हा पहिल्यांदा झालं. मी पुढं, हे मागं. सपाट जागा आली आणि पायाखाली काहीतरी सरकलं. टाचांतून थरथर वर चढली, पोटऱ्यांतून, मांड्यांतून, आणि छातीच्या मधोमध येऊन बसली. जबडा जड झाला. पाखरं ओरडत होती ती एकदम गप्प झाली, म्हणजे मला तसं वाटलं. मी जागच्या जागी उभी राहिले.

"अहो, हललं का?"

त्यांनी जमिनीकडं पाहिलं. हातात चप्पल तशीच.

"हाव," ते म्हणाले. "मला बी जाणवलं."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. थोड्या वेळानं थरथर उतरली, पाखरं पुन्हा बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. मग माझ्या मनात नको तो विचार आला, की खाली कुणीतरी कूस बदलतंय.

आता आम्ही बुद्धवंदना म्हणणारी माणसं. अंगात येणं, उतारा, गंडेदोरे यांतलं काही आमच्या घरात चालत नाही. आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. त्यामुळं सासूचा विचार मी झटकून टाकला आणि शहाण्या बाईसारखं म्हटलं, हा भूकंप आहे. भूत मानत नव्हते म्हणून भूकंप मानला. दोन्ही सारखंच खोटं होतं, पण भूकंपाला पुस्तकात धडा आहे ना!

आमच्या गल्लीला लागलेलं वेड

दुसऱ्या कुठल्या गावात एखादी बाई "जमीन हलतेय" म्हणत फिरली असती तर लोकांनी तिला डॉक्टरकडं नेलं असतं. आमच्याकडं असं म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही. मधूनमधून जमिनीखालून खरोखरच गुडगुड आवाज येतात, कधी खिडकीची तावदानं वाजतात. मोठी माणसं अजूनही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भांड्यावर भांडं रचून उतरंड करून ठेवतात, हललं की ती पडावी आणि झोपलेल्यांना जाग यावी म्हणून. पोरं हसतात, पण धक्का देऊन पाडत नाहीत.

मला थरथर जाणवली की मी आधी त्या उतरंडीकडं बघायची. ती जशीच्या तशी.

"भांडी का पडली न्हाईत मग?" मी विचारायची.

"बारका धक्का असंल," हे म्हणायचे. "बारक्याला भांडी पडत न्हाईत. मला बी जाणवलं की."

मग मला बरं वाटायचं. वेडी नाही आपण, हे कळण्यासाठी एक माणूस पुरतो.

अंगण झाडताना हलायचं. पाण्याची घागर गच्चीवर नेताना हलायचं. जेवून लगेच चालायला निघाले की हमखास हलायचं. बसले की थांबायचं. आज हे लिहिताना वाटतं, याहून सरळ काय सांगायचं राहिलं होतं त्या बिचाऱ्या हृदयानं! पण मी दर वेळी खाली बघत होते, जमिनीकडं.

शेजारच्या चंद्रकलेनं एकदा ऐकलं. चंद्रकला म्हणजे आमच्या गल्लीचा लाउडस्पीकर. आणि नेमकं त्याच आठवड्यात मी "आज जास्तच हललं" म्हणाले, त्याच संध्याकाळी शेजारच्या जिल्ह्यात सौम्य धक्के बसल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर आली. झालं. बाईंना आधी कळतं, असं गावभर झालं. शाळेत माझं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

"बाई, आज कसं हाय?" सकाळी दूध घालणारा विचारायचा. "बाई, लेकरं आत झोपवू का भाईर?" चंद्रकला विचारायची. एक जण तर जळकोटहून जीप करून आला. घराचा स्लॅब टाकायचा होता, टाकू का थांबू, असं विचारत होता. मी म्हटलं, इंजिनियरला विचारा. तर हळूच म्हणाला, "इंजिनियरला खालचं काय कळतंय?"

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. कडाक्याच्या थंडीत लोक माझ्या शब्दावर अंगणात पथाऱ्या टाकत होते, म्हाताऱ्या खोकत होत्या. मी गल्लीतून चालले की बायका माझ्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघायच्या. मी जरा थांबले की सगळी गल्ली थांबायची. मला माझ्याच पावलांचं भय वाटायला लागलं.

लातूरला

दम लागायला लागला म्हणून पल्लवीनं फोनवरून हट्टच धरला, तेव्हा आम्ही लातूरला एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी झोपवून कार्डिओग्राम काढला. पट्टी अगदी चांगली आली, काही दोष नाही.

"छातीत दुखतं?"

"नाही."

"मग काय होतं नक्की?"

"जमीन हलते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. गाव विचारलं. गाव सांगितल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, "ताई, अशा गोष्टी मनात फार खोल राहतात. भीती असते ती."

मी कदाचित मान्य केलं असतं. पण हे खुर्चीवरून पुढं सरकले. "न्हाई डॉक्टर. भीती न्हाई ती. खरं हलतंय. मला बी जाणवतंय."

डॉक्टर आमच्या दोघांकडं बघत राहिले. मग त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चढावर, चालताना असं काही झालं तर पुढची तपासणी करा, असं सांगितलं. परत येताना एसटीत मी यांचा हात धरून बसले होते. जगात एक तरी माणूस आपल्या बाजूनं आहे, असं मला फार वाटत होतं. तो माणूस माझा हात हातात घेऊन खिडकीबाहेर बघत होता.

पाणी

संक्रांतीनंतर मी एकटीच पल्लवीकडं नांदेडला गेले. हे शेतात हरभरा होता म्हणून मागं राहिले. संध्याकाळी पल्लवी मला गोदावरीच्या घाटावर घेऊन गेली. खाली बसलो, शेंगदाणे खाल्ले, गप्पा झाल्या. परत पायऱ्या चढायला लागलो आणि अर्ध्यावर जमीन हलली. या वेळी जोरात. जबडा दगडासारखा झाला. मी कठडा धरला.

"पल्लवी, हललं!"

"काय?"

"जमीन. अगं, जोरात हललं की!"

"नाही गं आई. काहीच नाही हललं."

मी वळून खाली पाहिलं. नदीचं पाणी संथ होतं. कुणीतरी सोडलेला दिवा द्रोणात तरंगत होता, त्याची ज्योतसुद्धा सरळ. घाटावर माणसं बसली होती, एक म्हातारा विडी ओढत होता, एक बाई लेकराचे पाय धूत होती. एवढ्या सगळ्यांत फक्त माझ्या पायाखाली भूकंप चालला होता.

"हाव" म्हणायला कुणी नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा खरी घाबरले. मी तिथंच पायरीवर बसले, आणि बसल्याबरोबर सगळं थांबलं. पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं मला तशीच थोडा वेळ बसवलं, मग उठवलं आणि चार पायऱ्या चढायला लावल्या. पुन्हा हललं. बसवलं, थांबलं. भूगोलाच्या बाईची पोरगी ती, तिनं प्रयोग करून पाहिला.

"आई," ती म्हणाली, "हा भूकंप तू बसलीस की थांबतो."

पट्टा

तिनं हृदयाच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि बाबांना फोन करून बोलावून घेतलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मला पटलं, म्हणून इथं लिहिते. म्हणाल्या, "हृदय बसल्याबसल्या शहाण्यासारखं वागतं. त्याला कामाला लावून बघायचं. काम पडलं की कुणाचं काय दुखतं ते कळतं." आधी पडून हृदयाची सोनोग्राफी करायची, मग चालत्या पट्ट्यावर चालायचं, पट्टा हळूहळू वेगानं आणि चढा होत जातो, आणि दमछाक झाली की झटकन परत आडवं करून पुन्हा हृदय बघायचं.

नऊवारी सोडाच, पाचवारीतही पट्ट्यावर चालता येत नाही. साठी ओलांडलेली मी, पल्लवीची ट्रॅकपँट आणि तिचे बूट घालून उभी. हे बघून म्हणाले, "पोलीस भरतीला निघालीस का?" मलाही हसू आलं.

आधी डाव्या कुशीवर झोपवलं. अंगाला गार चिकट काहीतरी लावून मशीन फिरवलं आणि पडद्यावर माझं हृदय दिसायला लागलं. करड्या अंधारात एक मूठ उघडत होती, मिटत होती. ते आपलं आहे असं वाटतच नाही. कुणाच्या तरी घरात दाराच्या फटीतून बघावं आणि आतलं माणूस आपल्याला माहीत नसताना कामात असावं, तसं वाटत होतं. "सध्या छान चाललंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग छातीला वायरी लावल्या आणि पट्ट्यावर उभं केलं. हे दाराशी उभे होते, माझी साडी हातावर घेऊन. पट्टा सुरू झाला. आधी मजा वाटली, जागच्या जागी चाललेय. मग पट्ट्याचं पुढचं तोंड उचललं गेलं. चढ आला. पुन्हा थोडा आला. खिडकी बंद, खोलीत थंड हवा, आणि मी मात्र टेकाड चढत होते. माझ्या डोळ्यांसमोर खरंच ते उंबरे यायला लागले. सपाट जागा जवळ येतेय हे माझ्या पायांना कळत होतं.

आणि ती आली. टाचांतून, पोटऱ्यांतून, वर.

"मावशी, छातीत दुखतंय का?" मशीनवरच्या मुलीनं विचारलं.

"जमीन हलतेय."

"पट्टा हलतोय, मावशी."

"पट्टा नाही गं. त्याच्या खाली." मी दांडा घट्ट धरला, मान वळवली. "अहो! हललं का?"

"हाव," दारातून आवाज आला. "मला बी जाणवलं."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. डॉक्टरबाईंनी यांच्याकडं पाहिलं, मग छताकडं, मग पुन्हा यांच्याकडं. "काका," त्या शांतपणे म्हणाल्या, "इथं काहीही हललेलं नाही."

यांनी मान खाली घातली. आणि मला कळलं. पायाखालची थरथर चालूच होती, पण त्या थरथरीत मी आता एकटी होते. आजवरच्या सगळ्या चढांवर मी एकटीच होते.

पट्टा थांबला. दोघींनी मला उचलल्यासारखं करून कुशीवर टाकलं. "श्वास सोडा, धरून ठेवा." पडद्यावर तीच मूठ, आता घाईघाईनं मिटणारी. डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. "हे बघा. सगळ्या भिंती आत येतायत ना? इथं बघा."

सगळं धडपडत होतं आणि तेवढा एक तुकडा स्तब्ध उभा होता. शेजारचं सगळं घर पळत सुटावं आणि एका माणसानं कोपऱ्यात उभं राहून ऐकत राहावं, तसा. मी इतके महिने हलणाऱ्या गोष्टीला घाबरत होते. आजार न हलणाऱ्या तुकड्याचा होता.

"त्या भागाला कामाच्या वेळी रक्त पोचत नाही," त्या म्हणाल्या. "आराम केला की पोचतं, म्हणून कार्डिओग्राम चांगला येतो. वेळेत आलात." वेळेत हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

मोसंबी

पुढचं भराभर झालं. मनगटातून तार घालून बघितलं, मोठ्या रक्तवाहिनीत एका जागी चिंचोळं झालं होतं, तिथं स्टेंट बसवला. पूर्ण भूल देत नाहीत, सगळं ऐकू येतं, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. डॉक्टर आपापसांत रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत होते आणि त्याचा मला फार आधार वाटला. माणसं मरत असताना कुणी खड्ड्यांबद्दल बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात हे शेजारी बसून मोसंबी सोलत होते. फोडींवरची पांढरी साल एकेक करून काढत होते.

"एक विचारू?" मी म्हटलं. "पट्ट्यावर मी विचारलं तेव्हा तुम्ही हाव म्हणालात. हललं होतं का?"

"न्हाई."

"आणि टेकाडावर?"

साल काढत राहिले. "न्हाई."

"घरी? गच्चीवर?"

"एकदा बी न्हाई, शकुंतला."

उजवं मनगट बांधलेलं होतं, नाहीतर ती मोसंबी मी फेकून मारली असती. "अहो, मेले असते ना मी! लातूरच्या डॉक्टरसमोर शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलंत तुम्ही! तुमच्या हावनं मेले असते मी!" पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं भिंतीकडं तोंड केलं. मी रडत होते आणि छातीला लावलेलं मशीन त्याची गंमत बघितल्यासारखं टीं टीं करत होतं.

त्यांनी आणखी एक फोड सोलली. मग फोडीकडं बघूनच बोलले.

"माय म्हणत हुती. त्या भूकंपाच्या आधी लई दिवस म्हणत हुती. मारुत्या, जमीन हलून राहिली, मला आत भ्या वाटतंय, मी भाईर झोपते. मी हसत हुतो तिला. म्हणलं, न्हाई माय, काई हलत न्हाई, तुला चक्कर येती. भाईर गार हाय, आत झोप. मीच हाताला धरून आत नेलं. आन् मी कारखान्यावर पाळीला गेलो."

नर्स आली, सलाइनकडं बघून गेली.

"तवापास्नं कुणी हललं म्हणलं की माझ्या तोंडातून न्हाई निघतच न्हाई. तू पहिल्यांदा इचारलं ते बी तिथंच, मायच्या जागेवर. मी काय म्हणायचं हुतं?"

माझा राग गेला नाही, खोटं कशाला सांगू. पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी डावा हात पुढं केला, त्यांनी त्यावर फोड ठेवली. आंबट होती.

गप्प जमीन

घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं तसं थोडं थोडं चालायला लागले. पुढच्या महिन्यात टेकाड चढले. काही झालं नाही. दगड दगडासारखे पडलेले, जमीन मेल्यासारखी गप्प. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतके दिवस खाली कुणीतरी होतं आणि आता नाही, असं वाटून मी त्या सपाट जागेवर उगीचच घुटमळले. यांनी चप्पल हातात घेतली होती. मीही माझी काढली. ऊन तापायला लागलं होतं, पण पायांना जमीन गारच लागली.

गल्लीत मी सगळ्यांना सांगितलं, अगदी शाळेत सांगायची तसं. हृदयाचं होतं, भूकंपाचं काही नव्हतं, सुखानं घरात झोपा. मला वाटलं होतं, लोक सुटकेचा श्वास सोडतील. चंद्रकला कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजी दवाखान्यानं तुमचं कळायचं बंद केलं."

"अगं, कळत नव्हतंच मला."

"कळत हुतं बाई. त्या दिशी बातमी आली का न्हाई? आता तुमी बऱ्या झाल्या." तिचा आवाज चिरकला. "आमाला कोण सांगणार आता?"

तिची सख्खी बहीण गेली होती त्या भूकंपात. अजूनही गल्लीतले काही जण बाहेरच झोपतात, आणि मी चालताना थांबले की अजूनही एखादी बाई थांबते. मी आता मुद्दाम थांबत नाही. चपलेचा अंगठा तुटला तरी फरफटत पुढं जाते.

जिना

दाखवायला पुन्हा नांदेडला गेलो. माझी तब्येत चांगली निघाली, डॉक्टरबाई खूश. येताना हळद-कुंकवाच्या दुकानाजवळ यांनी पल्लवीसाठी पेरू घेतले. तिच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. पल्लवी किल्ली घेऊन पुढं गेली. मी सावकाश चढत होते, दम नाही, जबडा नाही, काही नाही. हे पिशवी घेऊन माझ्या मागं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांची पावलं थांबली. मी मागं पाहिलं. त्यांनी कठडा धरला होता. तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता आणि ते पायांकडं बघत होते.

"हललं का गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. विचारणारी मी असायची. जिन्यात आवाज नव्हता, वरच्या कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, बस. माझ्या पायाखाली काहीच हलत नव्हतं. आणि तरीही माझ्या तोंडाशी शब्द आला, हाव. ते एकटे पडू नयेत म्हणून. त्यांच्या डोळ्यांत तेच मागणं होतं आणि ते कसं असतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"काहीच हललं न्हाई. जमीन न्हाई, जिना न्हाई. बसा इथं."

ते पायरीवर बसले. पिशवीतले पेरू दोन पायऱ्या घरंगळत गेले, आम्ही दोघांनीही ते उचलले नाहीत. ते माझ्याकडं असे बघत होते की मला त्यांची माय दिसली. मी जिला कधी पाहिलं नाही, ती.

"मी मायला असंच म्हणलो हुतो," ते म्हणाले. "न्हाई हललं, म्हणून."

"तुम्ही तिला आत झोप म्हणाला होता." मी त्यांचा हात उचलून माझ्या खांद्यावर घेतला आणि वर पल्लवीला हाक मारली, दवाखान्यात जायला रिक्षा बोलाव म्हणून. "मी तुम्हाला बाहेर चला म्हणतेय. थोडा दम खाऊ, मग उठा."